कानसेनांचं यंत्र

गॅरेजच्या पाटीवर दुसरंच काही नाव होतं, पण ते कुणी वाचत नसे. गाडीवाले एकमेकांना सांगायचे, "कानसेनांकडे टाक, एका दमात सांगतील." हे नाव त्यांना कानांनी मिळवून दिलं होतं. डिझेलची कुठलीही गाडी दारात येऊन धडधडू लागली की कानसेन हातातलं काम ठेवत, फडक्याला हात पुसत सावकाश पुढे येत. मग लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर उचलत, त्याचं टोक इंजिनाला टेकवत, मूठ कानाला लावत आणि डोळे मिटत.

त्या क्षणी गॅरेजात अशी शांतता पसरायची, जशी पडदा वर जाताना प्रेक्षागृहात पसरते. खोकणारा खोकला गिळायचा. गाडीचा मालक छातीशी हात बांधून उभा. कानसेन डोळे उघडत, एक पाऊल मागे येत, सगळ्यांकडे एक नजर टाकत आणि म्हणत, "तिसरा इंजेक्टर." बस्स, एवढंच वाक्य. खोलून पाहावं तर तिसराच इंजेक्टर! फक्त टाळ्या पडायच्या राहत. अशा भूमिका हल्ली कुणाला मिळत नाहीत हो.

गाड्यांमध्ये कॉम्प्युटर आले, त्यांच्या पोटातलं वाचणारी स्कॅनर नावाची यंत्रं आली, तरी कानसेन हसायचे. "अरे, ज्याला ऐकू येतं त्याला वाचून दाखवायची काय गरज?"

आणि मग व्याह्यांची गाडी आली.

कानसेनांच्या मुलीचे सासरे कपाटं आणि सोफे बनवून घरपोच द्यायचे. त्यासाठी त्यांच्याकडे एक डिझेल व्हॅन होती आणि ती चढावर दम टाकत होती. कानसेनांनी ऐकलं. पुन्हा ऐकलं. फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ केले, परत स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. इंजिन आपलं शहाण्या मुलासारखं एका लयीत चाललेलं. ठोका नाही, खडखड नाही.

"काही नाही हो व्याहीबुवा, गाडी ठणठणीत आहे."

"असेल, असेल," व्याही म्हणायचे. "माझ्याच मनाचे खेळ असतील." आणि पुढच्या आठवड्यात गाडी पुन्हा दारात हजर.

भांडकुदळ गिऱ्हाईक परवडलं, पण हा नम्र माणूस! एक दिवस चहाचा कप खाली ठेवता ठेवता ते फार हळुवारपणे म्हणाले, "व्याहीबुवा, राग मानू नका. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात दाखवून घेऊ का? तिथं यंत्र लावून बघतात म्हणे."

कानसेनांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. गाडी सर्व्हिस सेंटरात गेली असती तर गावभर झालं असतं, की कानसेनांचे कान गेले. आणि तेही सोयरिकीतूनच! मुलीच्या सासरी काय तोंड दाखवणार?

पण खरी धास्ती त्याहून खोल होती आणि ती त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. दारावरची बारीक किणकिणणारी बेल वाजली की हल्ली बायकोच म्हणायची, "अहो, उघडा ना, कधीची वाजतेय." त्यावर ते म्हणायचे, "लक्ष नव्हतं." मागे एकदा सकाळी गॅलरीत उभं राहून ते हळहळलेही होते, "या बाजूला पाखरं येईनाशी झाली बघ." बायकोनं समोरच्या झाडाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं आणि ती आत गेली.

"सर्व्हिस सेंटर कशाला?" कानसेन व्याह्यांना म्हणाले. "यंत्र मीच घेतोय. ठरलंच होतं माझं." ते ठरून अर्धं मिनिटही झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी व्याह्यांची व्हॅन घेऊन ते निघाले. शेजारी बायको, मांडीवर तिची मोठी पिशवी. पुलाच्या चढावर ती म्हणाली, "अहो, ही शिट्टी कसली?"

"कसली शिट्टी?"

"ही काय. बारीक. आत्ता वाजतेय."

"रस्त्यावर हजार माणसं असतात. वाजवत असेल कुणी." कानसेनांनी काच वर केली.

स्पेअर पार्टचं दुकान एक ताई चालवायच्या. नवरा गेल्यावर त्यांनी दुकान नुसतं सांभाळलं नव्हतं, वाढवलं होतं. कानसेनांना पाहून त्यांनी डोळे मोठे केले. "काका, तुम्ही आणि स्कॅनर? आज सूर्य कुठून उगवला?"

"टिंगल नंतर कर. स्वस्तातलं आणि चांगलं दाखव."

"स्वस्त हवं की चांगलं, हे आधी ठरवा. नाहीतर दोन्हीच्या मधलं घ्या." ताईंनी काउंटरवर तीन नग मांडले. पहिला काडेपेटीएवढा. तो गाडीत खोचायचा आणि मोबाइलवर वाचायचं. दुसरा विटेएवढा, रबरी अंगरखा घातलेला, स्वतःचा पडदा आणि जाडजूड बटणं असलेला. तिसरा पेटीतून निघाला. झगझगीत टॅब्लेट, नटूनथटून बसलेल्या नवरदेवासारखा.

"काडेपेटी फक्त इंजिनाचे पक्के झालेले दोष वाचते," ताई म्हणाल्या. "गाडी चालू असताना आत काय चाललंय ते नीटसं नाही दाखवत. ही वीट दाखवते. डिझेलचा दाब, टर्बोचा, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याचा दाब, सगळं. शिवाय धुराच्या गाळणीत काजळी साचली तर ती जाळायचा हुकूम देते. डिझेलवाल्याला हे लागतंच. नवरदेव याहून बरंच करतो, पण त्याला दरवर्षी अपडेटचा आहेर करावा लागतो. नाही केला की रुसून बसतो."

"ते सगळं ठीक," कानसेन म्हणाले, "पण मी आधी परीक्षा घेणार."

परीक्षेची युक्ती त्यांना रात्रीच सुचली होती. सगळ्यांची पाठ वळल्याचं पाहून त्यांनी दारातल्या व्हॅनच्या बॉनेटखाली हात घातला आणि आत जाणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरची वायर काढून ठेवली. आता दोष एक, तोही आपला घरचा. जे यंत्र बरोबर ओळखेल ते खरं. मग ते बाजूला उभे राहिले, नाटक कंपनीच्या मालकानं होतकरू नटांपुढे उभं राहावं तसे, हात पाठीमागे बांधून.

काडेपेटी खोचली. मोबाइलवर उमटलं: हवेचा सेन्सर. दोष एक.

"शाब्बास!" कानसेनांनी तिला जवळजवळ थोपटलंच.

वीट जोडली. विटेनं जरा वेळ घेतला आणि सांगितलं: हवेचा सेन्सर. शिवाय, टर्बोचा दाब कमी, अजून पक्का न झालेला दोष. एकूण दोन.

"खोटं!" कानसेन गरजले. "साफ खोटं! मी एकच..."

ते थांबले. पण उशीर झाला होता.

"तुम्ही एकच काय?" बायकोनं विचारलं.

"मी एकच सांगतो. हे यंत्र बोलघेवडं आहे. असल्यांवर माझा विश्वास नाही."

नवरदेवाला जोडलं. त्यानंही दोनच दोष सांगितले, टर्बोसकट.

"सामील आहेत एकमेकांना," कानसेन म्हणाले. "एकाच दुकानातले ना."

ताईंनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं आभाळाकडे पाहिलं. "काका, दोघांनी वेगवेगळं तेच सांगितलं म्हणजे..."

"ताई, मी या गाडीला इतक्या वेळा ऐकलंय की ती झोपेत काय बरळते तेही सांगेन. टर्बोला काही झालेलं नाही. काडेपेटी बांधून दे."

काडेपेटीचं आणि त्यांचं एकमत झालं होतं, आणि आपल्याशी एकमत होणारा माणूस कुणाला हुशार वाटत नाही? ते बाहेर जाऊन गुपचूप वायर लावून आले, काडेपेटीनं जुने दोष पुसून टाकले आणि मोबाइलवर हिरव्या अक्षरांत उमटलं: दोष नाही. संध्याकाळी व्याह्यांच्या दारात कानसेनांनी तो मोबाइल असा उंच धरला, जसा नाटकात शेवटच्या अंकात राजपुत्र वडिलांची अंगठी दाखवतो. "बघा. आता यंत्रसुद्धा म्हणतं, गाडी निरोगी आहे."

"मग प्रश्नच मिटला," व्याही म्हणाले. नम्रपणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "व्याहीबुवा, रागावू नका. टेकडीच्या चढावर गाडी थांबलीय."

कानसेन आणि बायको स्कूटरवरून पोचले तर समोर मोठा प्रसंग उभा. चढाच्या मध्यावर व्हॅन, आत दोरीनं बांधलेली कपाटं. ओझं कमी करायला सोफा खाली उतरवून रस्त्याच्या कडेला ठेवलेला, आणि त्यावर मधोमध विहीणबाई, हातात पर्स घेऊन, दरबार भरवल्यासारख्या बसलेल्या. येणारे जाणारे वेग कमी करून बघत होते.

"या, बसा," त्या कानसेनांच्या बायकोला म्हणाल्या. "नवीन आहे. स्प्रिंग चांगल्या आहेत."

कानसेनांनी काडेपेटी खोचली. मोबाइलनं हिरव्या अक्षरांत सांगितलं: दोष नाही.

सगळे त्यांच्या पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. कानसेनांच्या आयुष्यात गॅरेजबाहेरही अशी शांतता बऱ्याचदा पसरली होती, पण तिच्यानंतर बोलायला वाक्य नाही, असं आजवर झालं नव्हतं. त्यांनी स्क्रूड्रायव्हर काढला, इंजिनाला लावला, कानाला लावला. एका लयीत धडधड.

बायको सोफ्यावरून उठली. पिशवीत हात घातला आणि रबरी अंगरख्यातली वीट बाहेर काढली.

"हे कुठून आणलंस?"

"तुम्ही बाहेर वायर लावत होता ना, तेव्हा. ताईंनी आठवडाभर वापरून बघायला दिलंय."

"कुठली वायर?"

"अहो, संसार केलाय तुमच्याशी. लावा आता."

वीट लागली. कानसेन पडदा धरून शेजारी बसले, व्याह्यांनी गाडी मागे घेत पायथ्याच्या सपाटीवर नेली आणि पुन्हा चढाकडे काढली. पडद्यावर दोन रेघा होत्या. एक इंजिन टर्बोकडे मागत असलेल्या दाबाची, दुसरी प्रत्यक्ष मिळणाऱ्या दाबाची. सपाटीवर दोघी हातात हात घालून चाललेल्या. चढ लागला, व्याह्यांनी पाय दाबला, आणि पहिली रेघ वर उडाली, दुसरी खालीच बसून राहिली. म्हणजे हवा कुठून तरी निसटत होती. निसटणारी हवा आवाज करते. आणि तो आवाज त्यांना येत नव्हता.

तेवढ्यात गाडी सोफ्यासमोरून गेली आणि बायको ओरडली, "ऐका! ही बघा शिट्टी!"

"ही होय?" विहीणबाई म्हणाल्या. "ही तर हे रोज घालतात."

व्याह्यांनी करकचून ब्रेक दाबला. "मी?"

"मग कोण? चढ लागला की तुम्ही शीळ घालता. दोन महिने झाले. मला वाटलं, मुलगा मार्गी लागला, डोक्यावरचा भार उतरला, माणूस या वयात रंगात आलाय. म्हणून तर मी हल्ली डिलिव्हरीला बरोबर येते!"

व्याही कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले. "अगं, मी कशाला शीळ घालू? मला तर कसली शीळ ऐकूही येत नाही."

सगळ्यांच्या नजरा कानसेनांकडे वळल्या. ते खाली उतरले. वाक्य लहान होतं, पण ते ओठांवर आणायला त्यांना आयुष्यभराच्या सगळ्या वाक्यांपेक्षा जास्त बळ लागलं.

"मलाही नाही येत," ते म्हणाले. "ठोका येतो, खडखड येते. बारीक आवाज मात्र गेले. कधी गेले ते कळलंही नाही."

बायको जवळ आली. कुणी हसलं नाही. व्याही मात्र गाडीतून उडी मारून खाली आले आणि त्यांनी कानसेनांचा हातच धरला. "तुमचेही? व्याहीबुवा, मी कुणाला बोललो नव्हतो. तुमच्याकडची पाखरंही नाहीशी झाली का हो?"

"झाली ना! वर्ष झालं असेल."

"मला वाटलं, मोबाइलच्या टॉवरमुळे!"

"मलाही तेच वाटलं!"

दोघं रस्त्याकडेच्या झाडाखाली एकमेकांचे हात धरून उभे होते, आणि झाडात पाखरांनी नुसता कल्लोळ मांडला होता. दोघी बायकांनी वर पाहिलं, मग एकमेकींकडे पाहिलं. आणि मग त्यांना सोफ्यावर बसावंच लागलं, कारण हसू उभ्यानं आवरेना.

पुढचं काम सोपं होतं. व्याही पाय दाबून इंजिन घुमवत राहिले, कानसेनांनी बॉनेटखाली हात घातला आणि बायको त्यांच्या खांद्यावरून वाकून सांगत राहिली, "डावीकडे... नाही, खाली... आणखी मागे... हां, इथं!" टर्बोकडून येणाऱ्या जाड रबरी पाइपच्या वळणात, घडीच्या आत, एक चीर होती. कानसेनांच्या बोटांना हवेचा झोत लागला. ती त्यांना ऐकू आली नाही, पण सापडली. त्यांनी पट्टी गुंडाळून वर क्लॅम्प आवळला, आणि गाडी कपाटं, सोफा आणि विहीणबाईंसह टेकडी चढून गेली.

वीट गॅरेजातच राहिली. काडेपेटी ताईंनी परत घेतली, वर म्हणाल्या, "एकमत झालं नाही वाटतं?" आता गाडी आली की कानसेन आधी स्क्रूड्रायव्हर लावतात, कारण ठोक्याच्या बाबतीत अजूनही त्यांचा हात कुणी धरू शकत नाही. मग वीट जोडतात. आणि तरीही काही अडलं तर घराच्या दिशेनं तोंड करून हाक मारतात, "अगं, जरा ऐकून जा!" ती हात पुसत येते, मान कलती करून उभी राहते, आणि गॅरेज पुन्हा तसंच चिडीचूप होतं. तिनं "इथं" म्हटलं की कानसेन सगळ्यांकडे एक नजर टाकतात. ती नजर मात्र त्यांनी सोडलेली नाही.

नवा पाइप बसल्यावर व्याह्यांची व्हॅन चढावर गप्प झाली आणि विहीणबाईंना ती डिलिव्हरी भलतीच सुनी सुनी वाटू लागली. त्या घरीच थांबायचं म्हणू लागल्या. मग एक दिवस टेकडीच्या चढावर व्याह्यांनी आरशात स्वतःकडे पाहिलं, ओठांचा चंबू केला आणि शीळ घातली.

"बेसूर आहे," विहीणबाईंनी घरी आल्यावर कानसेनांच्या बायकोला फोनवर सांगितलं. "पण या खेपेला गाडीची नाही, त्यांची आहे." आणि दुसऱ्या दिवशीची डिलिव्हरी किती वाजता आहे, ते नवऱ्याला विचारायला आत गेल्या.