खोडरबर आणि लाल बटण

आमच्या भागात तिला सगळे खोडरबर म्हणतात. तोंडावरही म्हणतात, तिला त्याचं काही नाही. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ती आणि तिची थोरली बहीण राहतात. उभा जन्म तिनं शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढली. बेडूक, पोस्टमन, राजा, विहिरीवरची बाई. या सगळ्यांचा नमुना म्हणून बसली ती थोरली बहीण. "बेडकाच्या वेळी हिनं मला ओट्यावर उकिडवं बसवलं होतं," ती सांगते. "राजा झाले तेव्हा निदान खुर्ची मिळाली."

खोडरबर काढते कमी, खोडते जास्त. तिच्या टेबलाखाली रबराचा चुरा पडलेला असतो आणि बहीण तो झाडता झाडता कुरकुरत असते. मी मोर्च्यांत वाढलेली बाई. सातवीत शाळा सुटली, बाकीचं रस्त्यानं शिकवलं. एका रेघेवर सकाळ घालवणाऱ्या माणसांशी माझं काय काम? पण काम पडलं.

माझी वहिनी दवाखान्यांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत आहे. तिथं इस्त्रीचं नवं मशीन आलं होतं, सोमवारी सुरू व्हायचं होतं. दोन गरम रूळ, एकीकडून ओली चादर आत सरकवायची, दुसरीकडून कडक होऊन बाहेर. जुन्या मशीनवर एकीची बोटं गेली होती, कारण बंद करायचं बटण मागच्या बाजूला होतं. आम्ही युनियनच्या बायांनी भांडून नव्या मशीनवर ते पुढे आणायला लावलं. मालकानं शेजारी सूचनांचा कागद डकवला, मुंग्यांएवढ्या अक्षरात. निम्म्या बायांना वाचता येत नाही. वहिनीलाही नाही, आणि सोमवारपासून त्या रुळांसमोर तीच उभी राहणार होती.

मी खोडरबरकडे गेले. म्हटलं, "मावशी, एक मोठं चित्र पाहिजे. वर उगारलेली मूठ काढा, लालभडक."

"मुठीनं मशीन बंद होतं का?" तिनं विचारलं.

मला राग आला, तरी तिला लाँड्रीचा पत्ता दिला.

ती लाँड्रीत येऊन बसली. कागदाला हात न लावता नुसती बघत राहिली. सुपरवायझर मला बाजूला घेऊन म्हणाला, "ह्या बाई चित्र काढणारेत की मशीन विकत घेणारेत?" मग घरी जाऊन तिनं बहिणीला टेबलाशी उभं केलं, ओली चादर हातात दिली, आणि कागदावर कागद ठेवून तेच तेच गिरवत बसली. शनिवारी चित्र तयार झालं. लाल बटण आणि त्यावर टेकलेला मोठा हात. एवढंच. मला आवडलं. मी लगेच छापखान्याकडे निघाले.

"थांब," ती म्हणाली. "आधी दाखवायचं. आणि दाखवताना तू बोलायचं नाहीस. बोटसुद्धा दाखवायचं नाही."

दुपारच्या सुट्टीत बाया नळाजवळ बसल्या होत्या. खोडरबरनं चित्र त्यांच्यासमोर धरलं आणि गप्प राहिली. बाया पुढे सरकल्या. वहिनी म्हणाली, "अगंबाई, हात तुटलाय."

"कुठं तुटलाय?" खोडरबरनं शांतपणे विचारलं.

"हा काय, मनगटापासून. पुढं बाईच नाही. म्हणजे त्या लाल वस्तूला हात लावायचा नाही. लावला की गेला."

बाकीच्यांनीही माना डोलावल्या. एकीनं तर स्वतःचा हात पदराखाली घेतला.

माझं डोकं सणकलं. "अगं, डोळे आहेत का बटणं? हात तुटला असता तर रक्त नसतं का काढलं?"

"वन्सं, तुमची भाषणं पण आम्ही अशीच समजून घेतो," वहिनी म्हणाली. बाया फिदीफिदी हसल्या.

खोडरबर हसली नाही, चिडलीही नाही. चित्राची गुंडाळी केली. वाटेत मी वहिनीच्या नावानं बोटं मोडत होते, तर ती म्हणाली, "तिला जे दिसलं तेच चित्रात आहे. मला काय काढायचं होतं ते गेलं चुलीत."

रविवारी तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी अख्खी बाई काढली. खांदा, दंड, घामेजलेला चेहरा, एका हातात चादर, दुसरा बटणावर, आणि थांबलेले रूळ. संध्याकाळी आम्ही वहिनीच्या घरी गेलो. मी ओठ दाबून बसले. वहिनीनं चित्र दिव्याजवळ धरलं. "ही मशीन बंद करतेय," ती म्हणाली. "काहीतरी अडकलंय. घाबरलीय, पण बटण दाबलंय तिनं." सोमवारी शिफ्ट सुरू व्हायच्या आत मी ते चित्र रुळांच्या वर चिकटवलं.

तेव्हापासून मीही पत्रक छापण्याआधी वहिनीला वाचून दाखवते आणि गप्प बसते. गप्प बसणं मोर्च्यापेक्षा अवघड आहे. परवाचं पत्रक ऐकून ती म्हणाली, "चांगलंय, पण आम्ही करायचं काय ते कुठंय?" पुन्हा लिहावं लागलं.

तर त्याच सोमवारी, जेवणाच्या सुट्टीआधी, चादरीची घडी रुळात गेली आणि तिच्याबरोबर वहिनीचे दोन्ही हात ओढले जायला लागले. मशीन थांबलं. हात शाबूत राहिले, नुसता एका हाताला चटका बसला.

मी धावतच खोडरबरच्या खोलीवर गेले. "मावशी, वाचली. बटण दाबलं तिनं."

"कुठल्या हातानं?"

"हातानं कुठलं, कोपरानं. दोन्ही हात चादरीत गुंतले होते."

तिनं पेन्सिल खाली ठेवली. "मग माझं चित्र चुकलंय. काढून आण."

"अहो, जीव वाचला ना बाईचा."

"तिला कोपर सुचलं म्हणून वाचली. पुढचीला नाही सुचलं तर? ती चित्रातल्यासारखा हात सोडवत बसेल."

मी तणतणत परत लाँड्रीत गेले, स्टूल ओढलं आणि चित्राला हात घातला. वहिनीनं चटका बसलेल्या हाताला ओलं फडकं गुंडाळलं होतं. तिनं दुसऱ्या हातानं स्टूल धरलं.

"नवं आणा, मग हे उतरवा," ती म्हणाली. "तोवर कोपराचं मी सांगते सगळ्यांना."