गार गादी

राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीत तेव्हा घरोघरी एक म्हातारं माणूस आणि सोबतीला परगावचा एक पोरगा असायचा. घरची पोरं पुण्या-मुंबईला गेलेली. मी ज्यांच्याकडे राहायचो ते काका दोन वर्षं मला ‘पावणं’च म्हणत राहिले. साधं पाणी मागायचं तरी गल्लीला ऐकू जाईल असं मागत.

ऑफिसातून आलो की माझी गादी कोमट लागायची. एकदा दुपारीच परतलो, तर काका माझ्या खाटेवर ताठ पडलेले, डोळे सताड उघडे. मी वैतागलो. ते उठले आणि चक्क कुजबुजले, “गादी गार पडू द्यायची न्हाय, पावणं. गार झाली की कोण बी येऊन पडतंय.”

दिवाळीत घर बंद करून मी गावी गेलो, काका लेकीकडे बिद्रीला. चार दिवसांनी दोघं एकदमच दारात पोचलो. कुलूप त्यांनी काढलं, पण उंबरा ओलांडेनात.

“हात लावून बघा की. गार हाय न्हवं?”

मी आत जाऊन गादीवर हात ठेवला. नुकतंच कुणीतरी उठून गेल्यासारखी ती गरम होती.

“गार आहे, काका,” मी म्हणालो.