पाय बडीने बघायचे

आमच्या पलटणीची ती बर्फातली दुसरी पोस्टिंग. तिथे प्रत्येक जवानाला एक ठरलेला जोडीदार असे. त्याला बडी म्हणत. पेट्रोलवरून, म्हणजे गस्तीवरून, आलं की बूट काढायचे आणि पाय बडीने बघायचे, आपले आपण नाही. गारठलेल्या पायाचं ज्याचं त्याला कळत नाही. बोटं पांढरी दिसली की रिपोर्टही बडीच द्यायचा. माझा बडी लान्स नायक संपत, कराडकडचा. माझी बोटं दाबून म्हणायचा, "वऱ्हाडाचं पाय, ह्यांला काय धाड भरलीया."

एका सकाळी पेट्रोलवर निघालो. निघण्याआधी एकमेकांचे पाय तपासले. मी रेडिओवर कळवलं, "पार्टी के पाँव ओके. ओव्हर." परतताना उतार सरकला. संपत माझ्या मागे होता. वळून बघतो तर मागे फक्त बर्फ. अंधार पडेपर्यंत खोदत होतो. सापडला, पण श्वास नव्हता. त्या संध्याकाळी मला बूट काढायला कोणी सांगितलं नाही, मीही काढले नाहीत.

पाय वाचले, पण बधिर झाले. आता शेलूबाजारजवळ शेती करतो. चप्पल मागे सुटते आणि मी पुढे चालत राहतो. सोयाबीनची खुंटं रुततात. बायको म्हणते, "रगत येऊन राह्यलं, अन् तुमाले पत्ताच नाई." रोज संध्याकाळी ती माझे पाय बघते. तिला हे कोणी शिकवलेलं नाही.

निवृत्तीच्या मेडिकल बोर्डाने पाय बधिर असल्याचं मान्य केलं. अपंगत्व पेन्शन मात्र नाकारली. पायाला इजा झाल्याची नोंद नाही, सबब हा आजार नोकरीमुळे नाही. मी तो कागद उलटसुलट वाचला. भरतीच्या वेळी पाय धड होते, हेही त्यातच आहे. मग बिघडले कुठे, वाशीमच्या बाजारात? मला राग यायला हवा होता. पण डोकंच चालेना.

अपिलासाठी बायकोला घेऊन वाशीमला एका वकीलबाईंकडे गेलो.

"काका, तवाच काहून नाई सांगतलं?"

"आपले पाय आपण सांगत नसतो. बडी सांगतो."

"मंग त्यायलेच बलवा न साक्षीले."

एवढं सगळं सांगितलं आणि हेच सांगायचं कसं राहिलं, मला समजेना. शेवटी बायकोच म्हणाली, "ते बर्फात गेले, ताई. त्याच दिवशी."

बाईंनी पेन खाली ठेवलं. थोड्या वेळाने परत उचललं. "नाव सांगा त्यायचं. रँकसकट."

मी सांगितलं. सांगताना नकळत खुर्चीवरून उठून उभा राहिलो.

अपील गेलं आहे. ते काय ठरवतील, मला अंदाज नाही. माझ्या पायांचा साक्षीदार नाही हे खरं. संपतच्या पायांचा आहे. त्या सकाळी मी बघितले होते. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत गरम होते.