बेटावरची बिननावाची झुडपं

जपानमधल्या २०११च्या मोठ्या भूकंपानंतरचा तो पहिला हिवाळा. क्योतोत भूकंपाची झळ पोचली नव्हती, पण अणुवीजकेंद्रं बंद पडल्यामुळे वीज वाचवायचा हुकूम सगळीकडे होता. आमच्या विद्यापीठाच्या काचघरातली एकच खोली गरम ठेवायची असं ठरलं. बाकीच्या खोल्यांचे हीटर बंद.

मी तेव्हा पीएचडी करत होते. तोक्योपासून बोटीनं अख्खा दिवस लागतो अशा एका बेटावरून मी बी आणलं होतं. झुडूप डेझी-शेवंतीच्या कुळातलं, पण चांगलं माणसाएवढं वाढणारं. बेटाच्या एकाच घळीतल्या झुडपांची पानं अरुंद होती आणि खालून लवदार. ही वेगळी व्हरायटी आहे, असं माझं म्हणणं. ते सिद्ध करायला घळीतलं आणि घळीबाहेरचं, दोन्हीकडचं बी एकाच मातीत वाढवायचं आणि फुलं येईपर्यंत फरक टिकतो का ते बघायचं. रोपं गुडघ्याच्या वर आली होती. पानं अजून अरुंदच होती.

सेन्सेईंनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शक प्राध्यापकांनी, मला बोलावलं. अत्यंत नम्रपणे म्हणाले, "गरम खोलीत फक्त अधिकृत नाव असलेल्या झाडांना जागा मिळेल."

"पण नाव मिळण्यासाठीच त्यांना जगवायचंय."

"नाव नाही, म्हणजे सध्या ती मूळ प्रजातीच. मूळ प्रजातीची दोन झाडं आत आहेत. पुरेशी आहेत."

मी माझ्या खोलीवर कुंड्या नेऊ का, असं विचारलं. दुर्मिळ झाडं बागेबाहेर नेता येत नाहीत, असं उत्तर आलं.

आमच्या लॅबमधले एक सिनियर पोस्टडॉक माझ्यासारखेच पुण्याचे होते. त्यांची नेची, म्हणजे फर्न, गरम खोलीत ऐसपैस मांडलेली. मी त्यांच्याकडे गेले.

"दादा, एक फळी द्या ना. दाटीवाटीनं ठेवते."

ते कुंड्यांना पाणी घालत होते. मान वर न करता म्हणाले, "मार्चमध्ये भूकंप झाल्यावर सगळे बॅगा भरून घरी पळाले, तेव्हा तूही जायला हवं होतंस. कुणी थांब म्हटलं होतं?"

"आईबाबा रोज रडत होते फोनवर. तरी ह्या रोपांसाठी थांबले मी."

"मग आता बस त्यांच्याजवळ."

खरंच बसले. हीटर बंद असलेल्या खोलीत, कोट घालून, हातमोजे घालून, दुपारभर. रोपांवर वर्तमानपत्रं गुंडाळली, त्यावर प्लॅस्टिक. पलीकडच्या काचेआड दादांची नेची घामेजून हिरवीगार दिसायची.

एका सकाळी हिम पडलं. कागद सोडले तर पानं उकडलेल्या पालकासारखी काळी, लिबलिबीत. बोट लावलं की देठापासून सुटत होती. सेन्सेई आले, वाकून बघितलं, "कष्ट घेतलेत," म्हणाले. मग घड्याळ बघत म्हणाले, "मुळं काढून कुंड्या धुवून ठेवा. वसंतात लागतील." त्या कुंड्या मीच धुतल्या. नळाचं पाणी इतकं गार होतं की बोटांना भेगा पडल्या.

पुन्हा बी आणायला परवाना मिळाला नाही. प्रबंधातलं ते प्रकरण परीक्षकांनी काढायला लावलं. लागवडीत फुलं पाहिलेली नाहीत, असा शेरा होता. मी दुसऱ्या विषयावर पदवी घेतली आणि तोक्योत तोयोसुला एका कंपनीत लागले.

काही वर्षांनी तोक्योतल्याच एदोगावा भागात मराठी मंडळींचं जेवण होतं. दादा आता प्राध्यापक झालेले. पंगतीत मी वाढत होते. मला ओळखून ते मनापासून हसले.

"तुझी ती झुडपं वेगळीच होती, बरं का. मला पहिल्याच दिवशी पटलं होतं."

माझ्या हातात आमटीचं भांडं होतं. "मग सेन्सेईंना सांगितलं का नाहीत?"

"मला काय मिळणार होतं त्यात?" ते म्हणाले आणि वाटी पुढे केली. "जरा खालून ढवळून वाढ. वरचं नुसतं पाणी असतं."

मी ढवळलं आणि वाढलं.