डाव्या गुडघ्याची जागा

मी मोटारसायकलच्या टाक्या रंगवतो. मोरिवलीला कंपन्यांच्या मागे माझी पत्र्याची शेड आहे. ज्वाळा, कवट्या, वाघ, म्हणाल ते काढतो. एकदा एका गिऱ्हाइकाने माझ्या वाघाला ‘मांजर मस्त जमलंय’ म्हटलं आणि मी थँक्यू म्हणालो. अशा फजित्या मी टपरीवर स्वतःच सांगून टाकतो. दुसऱ्याने सांगितल्या की जास्त लागतात. ही एक मात्र अजून कोणाला सांगितली नाही.

सोनिवलीहून एक बाई आल्या, रिक्षाने, मांडीवर चादरीत गुंडाळलेली टाकी घेऊन. नवा रंग हवा असेल म्हणून मी रंगांचं पुस्तक पुढे केलं. त्यांनी ते बाजूला सारून चादर सोडली. काळी टाकी. दोन्ही अंगांना, चालवणाऱ्याचे गुडघे टेकतात तिथे, रंग झिजून खालचा राखाडी प्रायमर वर आलेला आणि कुठे कुठे नुसता पत्रा.

“आमचे मिस्टर गेले मागच्या वर्षी,” त्या म्हणाल्या. “गाडी आता मुलगी चालवणार. चालवू दे. पण हे गुडघे त्यांचे आहेत, ते पुसले जाता कामा नयेत. तुम्ही वरून काचेसारखं काहीतरी मारता ना?”

“क्लिअर कोट. दगडासारखा बसेल, ताई.”

उल्हासनगरला ज्या उस्तादाकडे मी शिकलो, तो माप झाकणाने घ्यायचा. चार झाकणं क्लिअर, एक झाकण हार्डनर, म्हणजे ते घट्ट करणारं औषध. उस्ताद गेला, झाकण माझ्याकडे राहिलं. त्या वेळी दुकानातून नव्या कंपनीचा डबा आला होता. त्यावर काय लिहिलंय ते वाचायची मला गरज वाटली नाही. झाकण होतं ना. चकाकी अशी आली की टाकीत बघून मी केस सारखे केले, जे काही उरलेत ते.

चार दिवसांनी टाकी त्याच चादरीत बांधून दिली. आठवड्याभरात त्या परत आल्या. गाठ सोडली आणि बघतो तर दोन्ही गुडघ्यांच्या जागी कापडाची वीण उमटलेली. उभा धागा, आडवा धागा, अगदी स्पष्ट. पॅन्ट घातलेला कोणी आत्ताच गाडीवरून उतरून आत पाणी प्यायला गेलाय, असं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. हात जोडायच्याच बेतात होतो मी.

“चादर आहे ती माझी,” बाई म्हणाल्या. “मला माझी चादर कळत नाही होय? तुमचा दगड मऊ आहे, दादा.”

टाकी ठेवून घेतली. उन्हात ठेवली, रात्री हॅलोजनचा दिवा लावला. रोज सकाळी कडेला अंगठा टेकवून बघायचो, रोज तो उमटायचा. वाटणीच्या कागदावर भावकीने उठवावेत तसे अंगठे जमले, सगळे माझेच. शेवटी डबा घेऊन उल्हासनगरला दुकानात गेलो. गल्ल्यावरच्या सिंधी म्हातारबाबांनी चष्मा चढवला.

“लिखा तो है इसपे. दो में एक. तूने कितना डाला?”

“चार में एक.”

“फिर तो इस जनम में नहीं सूखेगा. उतार दे पूरा. नीचे क्या है?”

“घुटने,” मी म्हणालो.

म्हातारबाबांनी चष्मा उतरवला.

थिनर लावला असता तर जुना रंगही विरघळला असता. म्हणून प्लास्टिकच्या कार्डाने खरवडायचं ठरवलं. बाईंना फोन केला तर त्या एवढंच म्हणाल्या, “हळू काढा.” उजवीकडचा थर दुधावरच्या सायीसारखा निघाला, गुडघा जिथल्या तिथे. डावीकडे कार्ड घातलं आणि सायीबरोबर काळा आला, राखाडी आला, झिजलेली सगळी कड आली. अख्खा डावा गुडघा माझ्या हातातल्या कार्डावर आणि टाकीवर कोरा पत्रा.

फोन उचलला. परत ठेवला.

मग मला जे चांगलं येतं ते केलं. उजव्या गुडघ्यावर बटर पेपर ठेवून कड गिरवली, कागद उलटा करून डावीकडे लावला, प्रायमर मारला, काळा मारला, ओल्या पॉलिश पेपरने हवं तेवढं झिजवलं. शेवटचा हात माझ्याच पॅन्टच्या गुडघ्याने. भर दुपार, बाहेर कंपनीचा भोंगा वाजत होता, तरी मागे कोणीतरी उभं राहून माझं काम बघतंय असं सारखं वाटत होतं. तीनदा वळून बघितलं. मग डबा वाचून, मापाच्या कपाने मोजून क्लिअर मारला. पाच दिवसांनी नख मारलं. नखच वाकलं.

बाई आल्या, मुलीला घेऊन. उजवीकडे हात फिरवला. डावीकडे फिरवला, तिथेच ठेवला.

“डावा गुडघा दुखायचा यांचा,” त्या म्हणाल्या. “फारसा टेकवायचे नाहीत, बाहेर काढून बसायचे. ही जागा एवढी झिजलेली नव्हती.”

मी तोंड उघडलं.

“असू दे,” त्या म्हणाल्या. “आता दुखत नसेल.”

मुलीने विचारलं, “काका, सुकलंय ना या वेळी?” मी म्हणालो, नख मारून बघ. तिने बोट पुढे केलं, तर बाईंनी तिचा हात धरून खाली घेतला.