न चोळायचं मलम

वहिनी गेल्याचा दादाचा फोन आला, तेव्हा मी तिच्याजवळून उठून एका दिवसासाठी नाशिकला, माझ्या घरी आले होते. परत निफाडला पोचेपर्यंत... असो. दीड महिना झाला, आता लिहिता येईल असं वाटतं.

माझी वहिनी मोठी धीट. द्राक्षबागेत साप निघाला की गडी मागे सरत आणि ही काठी घेऊन पुढे. पण कॅन्सर निघाला, केमोच्या औषधासाठी गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत पोर्ट नावाची बटणाएवढी डबी बसवली, आणि दर खेपेला तिच्यात सुई टोचायची म्हटल्यावर बाईसाहेब गारठल्या. मग सिस्टरनी बधिर करणारं मलम दिलं. तासभर आधी लावायचं, वर प्लास्टिकची पट्टी. आदल्या दिवशी ती माझ्याकडे मुक्कामाला यायची, म्हणून ते काम माझं. बाम चोळावा तसं मी मन लावून मलम जिरवायचे. सुई टोचून झाली की विचारायचे, "दुखलं?" "नाय ओ नणंदबाई, कळलंसुद्धा नाय." मला केवढा अभिमान!

चौथ्या खेपेला दुसऱ्या सिस्टर होत्या. पट्टी काढून त्या हसल्याच. "ताई, हे चोळायचं नसतं. जाड थर तसाच ठेवायचा, नाहीतर बधिर होत नाही." मी वहिनीकडे पाहिलं. म्हणजे तीन वेळा... "दुखायचं की," ती खाली बघत म्हणाली, "पण तुम्ही एवढ्या मायेनं चोळत होत्या." मला रडू फुटलं आणि रागही आला. तिथेच बजावलं, यापुढे माझ्याशी खोटं बोलायचं नाही. पुढच्या वेळी थर नीट ठेवला, सिस्टरनी श्वास सोडायला सांगून सुई घातली, आणि ही डोळे मोठे करून म्हणाली, "आता खरंच नाय कळलं!"

शेवटच्या आठवड्यात दुखणं मलमाच्या पार पलीकडे गेलं होतं. दादा खोलीत आला की ती म्हणायची, "बरी हाय मी." तो बाहेर गेला की माझा हात धरायची. "दुखतंय ओ... लय दुखतंय." मी डॉक्टरांना फोन करून औषध वाढवून घ्यायचे आणि तशीच बसून राहायचे. ती मला खरं सांगत होती, याचं तेव्हा ओझं वाटायचं. आता तेवढंच माझं आहे असं वाटतं.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दादा सांगतो, "शेवटी तिला काही त्रास झाला नाही, एवढं बरं." मी शेजारीच बसलेली असते. "हो," म्हणते, आणि चहा टाकायला आत जाते.