डोक्यावरचं टेबल

परदेशातल्या विद्यापीठात एका सत्रासाठी माझी निवड झाली, तेव्हा तेर गावात आमच्या गल्लीला एकच काळजी लागली होती, की ही तिथं खाणार काय. बसणार कशावर, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

जर्मनीतल्या त्या लहानशा गावात मला विद्यार्थ्यांच्या इमारतीत खोली मिळाली. आत पलंग आणि कपाट, बस्स. सुरुवातीला मी पलंगावरच मांडी घालून अभ्यास करायचे, जेवायचेही तिथंच. मजल्यावरच्या सगळ्यांना मिळून एक स्वयंपाकघर होतं, पण तिथं उभ्या उभ्या शिजवायचं आणि ताटली घेऊन आपापल्या खोलीत जाऊन दार लावायचं, अशी रीत. शेजारी कुणी जेवतंय हे चमच्याच्या आवाजावरून कळायचं.

शेजारच्या खोलीत जॉर्जिया देशातली एक मुलगी होती, माझ्यासारखीच सत्रापुरती आलेली. एका शनिवारी सकाळी तिनं माझं दार वाजवलं.

"नदीकडच्या रस्त्यावर कुणीतरी टेबल ठेवलंय. चिठ्ठी लावलीय, हवं त्यानं न्या म्हणून. चल लवकर!"

टेबल चांगलं होतं, भरीव लाकडाचं. आम्ही दोघींनी दोन बाजूंनी उचललं, पण थोडं पुढं गेलो की हात भरून यायचे. कडा गुडघ्यावर आपटायची ती वेगळीच. शेवटी खाली ठेवून त्याच्यावरच बसलो. तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला.

"रस्त्यात बसून काय करायलीस गं?"

मी टेबल दाखवलं. "लई जड हाय. हात दुखायलेत."

"हातानं कशाला नेतीस? डोक्यावर घे की. ओढणीची चुंबळ कर."

"इथं? लोक बघतील आई."

"बघू दे. चोरीचं हाय व्हय?"

शाळेत असताना हापशावरून घागर आणायचे, तेवढाच माझा सराव. तरी ओढणी गुंडाळून डोक्यावर ठेवली. मैत्रिणीनं टेबल उलटं करून, पाय आभाळाकडं ठेवून, माझ्या डोक्यावर चढवलं आणि मागून एक पाय धरला. मान जरा डगमगली, मग ओझं बसलं. चालायला लागल्यावर मला कळलं, की हे मला येतंय.

सायकलवरून जाणाऱ्या एक आजी थांबल्या आणि वर बोट करत घाईघाईनं काहीतरी म्हणाल्या. कौतुक करत असतील, असं समजून आम्ही हसून हात हलवला. पुढच्याच क्षणी टेबलाचा पाय झाडाच्या फांदीत अडकला. आजीच परत आल्या, सायकल लावून फांदी धरली, आणि मग तिघीही हसत सुटलो.

इमारतीत पोचलो, पण टेबल काही माझ्या दारातून आत जाईना. आडवं केलं, तिरकं केलं. पाय पक्के चिकटवलेले, सुटत नव्हते. मग स्वयंपाकघरातल्या खिडकीखाली ठेवून दिलं.

संध्याकाळी मी पिठलं केलं आणि माझी प्रवासाची बॅग आडवी टाकून, तिच्यावर बसून तिथंच जेवायला लागले. मैत्रीण आपल्या खोलीतली खुर्ची आणि अक्रोड घातलेला राजमा घेऊन आली. समोरच्या खोलीतला उंच मुलगा, ज्याच्याशी माझं आजवर मान हलवण्यापलीकडं काही झालं नव्हतं, ताटली घेऊन दारात घुटमळला.

"बसू का?"

"बस की," माझ्या तोंडून चक्क मराठीत गेलं. त्याला ते कळलं. तो खुर्ची आणायला गेला.

त्यानंतर टेबल हलवायची गोष्ट कुणीच काढली नाही. खोली मला झोपण्यापुरती उरली. अभ्यास मी त्या खिडकीखालीच करायचे. मध्येच कुणीतरी पुस्तकाशेजारी कांदे आणि सुरी ठेवून जायचं, आणि मी वाचता वाचता चिरून द्यायचे.